फौजेत कुठल्या कामात किती धोका? नाशिककरांचे नेहमीचे प्रश्न

नाशिकला फौज नवी नाही. देवळालीला तोफखान्याचं स्कूल आहे, नाशिक रोडला तोफखान्याचं ट्रेनिंग सेंटर, गांधीनगरला सेनेच्या हेलिकॉप्टर पायलटांचं प्रशिक्षण आणि ओझरला लढाऊ विमानांचा कारखाना. तरी भरतीची जाहिरात निघाली की निफाड, सिन्नर, इगतपुरीकडची मुलं आणि त्यांचे आईवडील तेच तेच प्रश्न घेऊन येतात. भरतीच्या पळण्याचे आणि छातीच्या मापाचे प्रश्न ते मोठ्याने विचारतात. धोक्याचे प्रश्न मात्र निघताना, चपला घालता घालता विचारले जातात. ते इथे एकत्र केले आहेत.

सगळ्यात धोक्याचं काम कोणतं?

युद्ध चालू असेल तर पायदळ, म्हणजे इन्फंट्री. याबद्दल फौजेत कुणाचं दुमत नाही. १९९९ च्या कारगिल युद्धात आपले ५२७ जवान आणि अधिकारी गेले, १३६३ जखमी झाले. त्यातला मोठा वाटा रात्रीच्या अंधारात तोलोलिंग, टायगर हिलसारख्या उघड्या चढणी चढणाऱ्या पलटणींचा होता. तोफा कितीही डागा, विमानं कितीही पाठवा, शेवटच्या शंभर मीटरमध्ये बंकरपर्यंत कुणाला तरी पायीच जावं लागतं.

युद्ध नसताना मात्र या प्रश्नाचं उत्तर बदलतं. आणि वीस वर्षांच्या नोकरीत बहुतेक वर्षं युद्धाशिवायच जातात.

म्हणजे ट्रेडपेक्षा पोस्टिंग महत्त्वाचं?

हो. ट्रेड म्हणजे कोणतं काम, पोस्टिंग म्हणजे कुठे नेमणूक. खाली जे काही लिहिलंय त्याचा गाभा हाच. अहिल्यानगर किंवा पुण्यात पीस पोस्टिंगवर, म्हणजे शांत ठिकाणच्या नेमणुकीवर असलेला पायदळाचा जवान आणि लेहच्या रस्त्यावर ट्रक चालवणारा एएससीचा, म्हणजे रसद-वाहतूक शाखेचा ड्रायव्हर, दोघांत त्या वर्षी जास्त जोखीम ड्रायव्हरची. १९ ऑगस्ट २०२३ ला लडाखमध्ये कियारीजवळ सेनेचा ट्रक दरीत कोसळून नऊ जवान गेले. तिथे गोळी चाललीच नव्हती. त्याआधी मे २०२२ मध्ये तुर्तुककडे जाणारी गाडी श्योक नदीत पडून सात जण गेले होते.

दुसरी गोष्ट राष्ट्रीय रायफल्सची, म्हणजे आरआरची. काश्मीरमधल्या दहशतवाद्यांविरुद्ध लढणारं हे दल १९९० मध्ये उभं राहिलं. त्याची स्वतःची वेगळी भरती नाही. पायदळाबरोबरच तोफखाना, सिग्नल, ईएमई (यंत्रदुरुस्ती), एएससी अशा सगळ्या शाखांतून माणसं काही वर्षांसाठी तिथे येतात. त्यामुळे ‘माझा मुलगा टेक्निकलला लागलाय, त्याला काय धोका’ असं म्हणणाऱ्या वडिलांना मी एवढंच विचारतो, ‘आरआरचं नाव ऐकलंय का?’

क्लार्क, स्टोअरकीपर, कुक ही कामं तरी सुरक्षित ना?

तुलनेने हो. पण ‘तुलनेने’ हा शब्द गाळून कुणी हे सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

लांब कशाला, आपल्याच राज्यातलं पुलगाव घ्या. वर्धा जिल्ह्यातल्या तिथल्या मध्यवर्ती दारूगोळा डेपोत ३१ मे २०१६ च्या पहाटे आग लागली. सीमेपासून शेकडो मैल आत, देशाच्या अगदी पोटात. आग विझवायला धावलेले अग्निशमन दलाचे कर्मचारी आणि डेपोची राखण करणारे डीएससीचे, म्हणजे डिफेन्स सिक्युरिटी कोअरचे जवान त्यात गेले, सोबत दोन अधिकारीही. डीएससीत भरणा असतो तो एकदा पेन्शनवर येऊन ‘आता निवांत नोकरी करू’ म्हणून पुन्हा वर्दी चढवलेल्या माजी सैनिकांचा. नोव्हेंबर २०१८ मध्ये तिथेच जुना दारूगोळा नष्ट करताना पुन्हा स्फोट झाला. या वेळी मेलेल्यांत जास्त करून आसपासच्या गावांतले रोजंदारीचे मजूर होते. फौजेच्या धोक्याचा हिशेब मांडताना त्यांना कुणी धरत नाही, धरायला हवं.

उरीचंही तसंच. १८ सप्टेंबर २०१६ च्या पहाटे हल्ला झाला तो पुढच्या चौकीवर नव्हे, ब्रिगेडच्या मुख्यालयाच्या आवारात. पलटणींची अदलाबदल चालू होती, जवान तंबूत झोपले होते, आणि बरेच जण गोळीने नव्हे तर तंबूंना लागलेल्या आगीने गेले. त्यात आपल्या सिन्नर तालुक्यातला एक जवान होता.

मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरनंतर ड्रोन आणि क्षेपणास्त्रं येऊ लागली तेव्हा उधमपूरच्या हवाई तळावर जो सार्जंट गेला, तो वैद्यकीय सहायक होता. ड्रोन आल्यापासून ‘मागची जागा’ आणि ‘पुढची जागा’ यातलं अंतर कमी झालंय, आणि ते आता वाढणार नाही.

तोफखाना तर दहा-पंधरा किलोमीटर मागे असतो. मग तिथे कसला धोका?

हा प्रश्न नाशिकमध्ये सर्वांत जास्त येतो. साहजिक आहे, इथे घरटी कुणी ना कुणी तोफखान्यात असतं किंवा होतं.

पहिलं म्हणजे, सगळा तोफखाना मागे नसतो. गोळा नेमका कुठे पडतोय हे पाहून दुरुस्ती सांगणारी ओपीची, म्हणजे निरीक्षण चौकीची टोळी असते. एक अधिकारी, रेडिओवाला आणि एक-दोन मदतनीस पायदळाच्या सोबत, अगदी पुढे. पायदळाचा धोका तो त्यांचाही. शत्रूलाही ठाऊक असतं की ओपी मारला की तोफा आंधळ्या होतात.

दुसरं, तोफ डागली की तिची जागा कळते. शत्रूचं रडार वरून जाणाऱ्या गोळ्याचा मार्ग पकडून तोफेचं ठिकाण काढतं आणि उलट मारा सुरू होतो. म्हणूनच ‘डागा आणि जागा बदला’ ही पद्धत आली. के-नाईन वज्रसारखी स्वतःच्या पट्ट्यांवर चालणारी तोफ तिथे ओढून न्याव्या लागणाऱ्या जुन्या तोफेपेक्षा जास्त जगते, कारण ती लवकर हलते. कारगिलमध्ये आपल्या तोफखान्याने सुमारे अडीच लाख गोळे, बॉम्ब आणि रॉकेटं डागली. ती डागणारे लोक आरामात बसलेले नव्हते, त्यांच्यावरही गोळे पडतच होते.

तिसरं, सराव. ऑक्टोबर २०२४ मध्ये देवळालीच्या रेंजवर इंडियन फील्ड गनच्या फायरिंगच्या वेळी गोळा फुटून दोन अग्निवीर गेले. नाशिककरांना ही बातमी आठवत असेलच. त्या वेळी दोन्ही टोकांची बडबड झाली. काहींना अग्निवीरांचं ट्रेनिंगच कच्चं वाटलं, काहींनी ‘असं होतंच’ म्हणून हात झटकले. माझं मत असं, की तोफेजवळचा अपघात क्वचित होतो, पण झाला की लहान नसतो. फ्यूज (गोळा फोडणारा भाग), चार्ज (गोळा फेकणारी दारू), ब्रीच (तोफेचं मागचं तोंड) यातली एक पायरी चुकली किंवा दारूगोळा खराब निघाला तर सुधारायला वेळच मिळत नाही. म्हणून गन ड्रिल रोज रोज, कंटाळा येईपर्यंत करून घेतात. ज्याला हा कंटाळा सोसत नाही त्याने तोफखान्यात येऊ नये.

चौथा धोका कुणी विचारत नाही: कान. जुन्या गनरशी, म्हणजे तोफ चालवणाऱ्याशी बोलताना आवाज चढवावा लागतो तो उगाच नाही. कानात प्लग घालायला पोरं आळस करतात आणि चाळिशीत टीव्हीचा आवाज वाढवून वाढवून घरच्यांना वैताग आणतात.

आम्ही रेंजजवळच्या गावात राहतो. शेतात गोळ्याचा तुकडा सापडला तर?

हात लावू नका, लाथ मारू नका, भंगारात विकू नका. जागा लक्षात ठेवून पोलिसांना कळवा. न फुटलेला गोळा कित्येक वर्षांनीही फुटतो.

पायलटचं काम सर्वांत धोक्याचं म्हणतात. खरं का?

शांततेच्या काळात, दर माणसामागे पाहिलं तर उडणाऱ्यांची जोखीम वरच्या रांगेत येते. विमान चालवताना शत्रूची गरजच नसते. हवामान, यंत्र आणि जमीन एवढे तिघे पुरतात.

निफाडकरांनी हे डोळ्यांनी पाहिलंय. जून २०१८ मध्ये पिंपळगाव बसवंतजवळ आणि पुन्हा ४ जून २०२४ ला निफाड तालुक्यात शिरसगावला सुखोई-३० कोसळलं. दोन्ही वेळा आतले दोघेही इजेक्शन सीटने बाहेर फेकले जाऊन वाचले. ओझरलाच बनलेलं मिग-२१ हे विमान १९६३ पासून हवाई दलात होतं आणि २६ सप्टेंबर २०२५ ला निवृत्त झालं. त्याचा अपघातांचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे. पण त्याला सरसकट ‘उडती शवपेटी’ म्हणणं मला पटत नाही. साठ वर्षं, शेकडो विमानं, आणि बराच काळ नवख्या पायलटांनाही त्याच वेगवान विमानावर हात बसवावा लागत होता, हेही त्या हिशेबात धरा.

हेलिकॉप्टरची गोष्ट वेगळी. त्यात इजेक्शन सीट नसते. गांधीनगरला शिकलेले सेनेचे पायलट पुढे चीता हेलिकॉप्टरने सियाचीनच्या चौक्यांना रेशन, रॉकेल पोचवतात, आजारी जवानांना खाली आणतात. हवा इतकी विरळ असते की पंख्याला धरायला काही नसतं, उतरायची जागा एखाद्या खोलीएवढी. आणि यंत्र एका इंजिनाचं, पाच दशकांपूर्वीच्या आराखड्याचं. ८ डिसेंबर २०२१ ला कुन्नूरजवळ जनरल बिपिन रावत यांच्यासह चौदा जण गेले ते तर मोठ्या, दोन इंजिनांच्या एमआय-१७ मध्ये, चांगल्या क्रूसोबत. अचानक ढगात शिरल्यावर वैमानिकाला जमिनीचा अंदाज राहिला नाही, असं चौकशीत निघालं.

एक कडू उदाहरणही सांगायला हवं. २७ फेब्रुवारी २०१९ ला बडगाममध्ये पडलेलं एमआय-१७ आपल्याच क्षेपणास्त्राने पाडलं होतं. त्यात नाशिकचे एक स्क्वाड्रन लीडर होते. ती मोठी चूक होती हे हवाई दलप्रमुखांनी नंतर उघडपणे कबूल केलं. आपल्याच माऱ्याचा धोका प्रत्येक युद्धात असतो, आणि भरतीच्या जाहिरातीत तो कधीच नसतो.

इंजिनिअर्स म्हणजे पूल-रस्ते बांधणारेच ना?

बांधणारेही आणि सुरुंग काढणारेही. हल्ला करायचा असेल तर पायदळाच्याही आधी सॅपर, म्हणजे इंजिनिअर्सचा जवान जातो, सुरुंगातून वाट काढायला. २००१-०२ च्या ऑपरेशन पराक्रममध्ये युद्ध झालंच नाही, तरी सीमेवर लाखो सुरुंग पेरताना आणि नंतर काढताना माणसं गेली. पेरलेला सुरुंग कुणाचा हे ओळखत नाही, वाळू सरकली की जागाही बदलतो.

पूलबांधणीही सोपी नाही. जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात नदीत पडलेल्या सहकाऱ्यांना वाचवताना मालेगाव तालुक्यातला एक जवान गेला. तो इंजिनिअर्सचाच होता. बॉम्ब निकामी करणाऱ्यांचं काम तर फौजेतल्या सर्वांत थंड डोक्याच्या माणसांचं. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटला एनएसजी या कमांडो दलाच्या बॉम्बनाशक पथकाचे लेफ्टनंट कर्नल गेले ते गोळीने नव्हे, मेलेल्या दहशतवाद्याच्या अंगावरचा ग्रेनेड फुटून.

नर्सिंग असिस्टंट आणि डॉक्टर?

बेस हॉस्पिटलमध्ये असाल तर धोका कमी. पलटणीसोबत असाल तर पलटणीला जो धोका तोच तुम्हाला, वर जखमी ओरडला की आडोसा सोडून जायचं. जिनिव्हा करारात वैद्यकीय माणसांना संरक्षण आहे, पण तोफगोळ्याला करार वाचता येत नाही.

रणगाड्यात तर चारही बाजूंनी पोलाद असतं.

पोलाद गोळीला अडवतं, नदीला नाही. जून २०२४ च्या अखेरीस लडाखमध्ये श्योक नदी ओलांडायच्या सरावात पाणी अचानक वाढून टी-७२ मधले पाच जण गेले. ऑक्टोबर २०२२ मध्ये झाशीजवळ बबीनाला टी-९० ची नळी फुटून दोघे गेले होते.

सियाचीनला गोळीबार बंद आहे, मग आता काय भीती?

नोव्हेंबर २००३ पासून तिथे युद्धविराम आहे. पण एप्रिल १९८४ मध्ये सियाचीन ताब्यात घेणारं ऑपरेशन मेघदूत झाल्यापासून सियाचीनवर शत्रूपेक्षा हवामानानेच जास्त माणसं नेली. हिमस्खलन, बर्फाखाली दडलेल्या भेगा, फुप्फुसात पाणी होणं, हिमदंश. ३ फेब्रुवारी २०१६ ला सोनम चौकी हिमस्खलनाखाली गाडली गेली, दहा जण गेले. ती चौकी सुमारे १९,६०० फुटांवर होती. एवढ्या उंचीवर ट्रेड बघून कुणाला सूट नसते. कुकलाही श्वास तेवढाच घ्यावा लागतो.

नौदलाचं काय?

जहाजावर रोजची जोखीम कमी, पण बुडालं तर सगळेच एकत्र. ९ डिसेंबर १९७१ ला आयएनएस खुकरी बुडाली तेव्हा १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. बंदूक हातात असलेला आणि भांडी घासणारा असा भेद पाण्याने केला नाही. पाणबुडीत हे आणखी टोकाला जातं. १४ ऑगस्ट २०१३ ला आयएनएस सिंधुरक्षकमधले अठरा जण गेले ते समुद्रात खोल नव्हे, मुंबईच्या गोदीत, किनाऱ्याला बांधलेल्या पाणबुडीत.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांवर गेलेल्या चौघांपैकी साधारण तिघे परतले नाहीत. ब्रिटनच्या बॉम्बर कमांडचे सव्वा लाखातले ५५,५७३ विमानकर्मी गेले. ही दोन्ही कामं बहुतेक खंदकांपेक्षा जास्त मारक ठरली, आणि लोक मात्र तेव्हाही म्हणत असणार की पोरगं खंदकात नाही, बरं झालं.

मुलींना धोक्याच्या कामांत घेतात का?

पायदळ, रणगाडे आणि यांत्रिक पायदळ सोडलं तर दारं बरीच उघडली आहेत. लढाऊ विमानाच्या पायलट २०१६ पासून आहेत. मे २०२२ मध्ये सेनेच्या पहिल्या महिला लढाऊ हेलिकॉप्टर पायलटला विंग्ज (पायलटचा बिल्ला) मिळाले ते आपल्या गांधीनगरलाच. एप्रिल २०२३ मध्ये पहिल्या पाच महिला अधिकारी तोफखान्यात आल्या. अग्निवीर म्हणून मुली मिलिटरी पोलिसात जातात. एनडीएच्या तयारीसाठी मुलींची सरकारी संस्था नाशिकमध्येच आहे, त्यामुळे हा प्रश्न आता बापांपेक्षा मुलीच जास्त विचारतात.

सरकार स्वतः धोका कसा मोजतं?

सातव्या वेतन आयोगानंतर ‘जोखीम आणि कष्ट’ असा तक्ता आहे. एका बाजूला जोखीम, दुसऱ्या बाजूला कष्ट, प्रत्येकाच्या तीन पायऱ्या, म्हणजे नऊ घरं. सियाचीन या नऊ घरांच्याही वर ठेवलंय. २०१७ मध्ये तिथला भत्ता जवानांना महिन्याला ३०,००० आणि अधिकाऱ्यांना ४२,५०० ठरला. उड्डाण, पाणबुडी, नौदलाचे मार्कोस कमांडो हे वरच्या घरांत.

या तक्त्यात सियाचीनचा भत्ता क्लार्कलाही मिळतो आणि रायफलवाल्यालाही, आणि खाली उतरला की दोघांचाही बंद होतो. म्हणजे सरकारही बरंचसं जागाच बघतं.

धोका कमी असलेला ट्रेड निवडता येतो का?

अर्ज करताना जीडी (जनरल ड्यूटी), टेक्निकल, क्लार्क-एसकेटी (कारकून-स्टोअरकीपर) किंवा ट्रेडसमन (कुक वगैरे) एवढं तुमच्या हातात. जीडीत निवड झाल्यावर मराठा लाइट इन्फंट्री मिळेल, महार मिळेल की तोफखाना, हे जागा आणि गुणवत्तेवर ठरतं. अधिकाऱ्यांना पसंती विचारतात, पण क्रम आणि रिकाम्या जागा यांच्यापुढे पसंती चालतेच असं नाही. शिवाय सर्व्हिसेसमधल्या, म्हणजे रसद-दुरुस्तीसारख्या शाखांतल्या तरुण अधिकाऱ्यालाही सुरुवातीला पायदळासोबत काढावं लागतं.

‘आतून सांगून सेफ जागा मिळवून देतो’ म्हणणारा एजंट भेटला तर एवढंच लक्षात ठेवा: धोका इथूनच सुरू होतो.

अग्निवीराला काही झालं तर घरच्यांना काय मिळतं?

४८ लाखांचा विमा, त्याचा हप्ता कापला जात नाही. मृत्यू सेवेमुळे झाला असेल तर आणखी ४४ लाख, चार वर्षांतल्या उरलेल्या काळाचा पगार आणि सेवानिधी (चार वर्षांच्या शेवटी मिळणारी जमा रक्कम). अपंगत्व आलं तर त्याच्या प्रमाणानुसार ४४, २५ किंवा १५ लाख. पेन्शन नाही. तोच गोळा, तीच तोफ, पण शेजारी उभ्या असलेल्या नियमित जवानाच्या पत्नीला पेन्शन आणि अग्निवीराच्या घरी नाही, हा फरक मला बोचतो. कुणी गोड शब्दांत सांगितलं तरी सही करण्याआधी तो समजून घ्या.

आणि नियमित जवानाच्या बाबतीत?

मृत्यू कशाने झाला यावर ए ते ई असे वर्ग पडतात. नोकरीशी संबंध नसलेला आजार असेल तर साधं कौटुंबिक पेन्शन, पगाराच्या ३० टक्के. सेवेमुळे झालेला आजार किंवा ड्यूटीवरचा अपघात असेल तर विशेष, ६० टक्के. दहशतवादी किंवा शत्रूच्या कारवाईत गेला तर उदारीकृत, म्हणजे शेवटच्या पगाराइतकं पूर्ण. रस्त्यावर ट्रक उलटून गेलेला आणि चकमकीत गेलेला, दोघांच्या घरी दुःख सारखंच येतं, पण कागद वेगळे येतात. म्हणून अपघात झाल्यावर कोर्ट ऑफ इन्क्वायरीचा, म्हणजे फौजेच्या अंतर्गत चौकशीचा निष्कर्ष काय निघाला, हे घरच्यांनी विचारलंच पाहिजे. पुढची कित्येक वर्षं त्या एका कागदावर चालतात.

मनावरचा धोका कुणी मोजतं का?

नीट नाही. आणि तो ट्रेडप्रमाणे वाटलेलाही नाही. एकट्या चौकीवरचा जवान असो की चार वेळा रजा नाकारलेला क्लार्क, गावाकडचा जमिनीचा वाद, बायकोचं बाळंतपण, भावाचं कर्ज हे फोनवरून सगळ्यांनाच कळतं आणि कुणालाच सोडवता येत नाही. घरच्यांनी एवढं करावं: प्रत्येक भांडण त्याच रात्री त्याला सांगू नये, आणि सुट्टीवर आलेला मुलगा गप्प असेल तर ‘फौजी आहेस, रडतोस काय’ असं म्हणू नये.

मुलाचं ठरलंय, तो जाणारच. आम्ही काय करून ठेवावं?

कागद. विम्याचं नामनिर्देशन, बँकेतलं खातं, आधारवरचं नाव आणि फौजेतल्या नोंदीतलं नाव एकच असू द्या. ‘रामदास’ आणि ‘रामदास भाऊ’ एवढ्या फरकावरही महिनोन् महिने फाइल अडते. लग्न झालं की ते रेकॉर्डवर, पार्ट-टू ऑर्डरने, म्हणजे फौजेतल्या नोंदीच्या आदेशाने, लगेच चढवायला सांगा. मुलं लाजतात, ‘पुढच्या सुट्टीत बघू’ म्हणतात, आणि नामनिर्देशन आईच्याच नावावर राहतं. मग काही झालं की आई आणि सून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात वेगवेगळ्या बाकांवर बसलेल्या दिसतात. कुणाला किती, हे मुलाने स्वतःच्या हाताने, जिवंतपणी आणि दोघींना सांगून लिहावं. लग्नाच्या सुट्टीवरून परत निघायच्या आत त्याच्या पिशवीत विवाह नोंदणीच्या दाखल्याची प्रत टाका, आणि एक प्रत घरात ठेवा.